गटाचा लॅपटॉप आणि अठ्ठेचाळीस आकडे

आज स्टुडिओत आम्ही तिघी आलोय. गट अकरा जणींचा आहे, पण इथली खोली लहान. बाकीच्या आठ जणी आत्ता गटाच्या खोलीत रेडिओ लावून बसल्यात. आम्ही काही चुकीचं बोललो तर घरी गेल्यावर त्या ऐकवणारच आहेत.

मागे याच कार्यक्रमात आम्ही आमच्या कारळाच्या चटणीबद्दल बोललो होतो. आज लॅपटॉपबद्दल बोलायचंय. हसू नका. लॅपटॉप घेतला तेव्हाही गावात हसूनच झालंय, कारण आम्ही घेतला तो गेमिंग लॅपटॉप. म्हणजे पोरं ज्याच्यावर बंदुकीचे आणि गाड्यांचे खेळ खेळतात तो. कळांखाली रंगीत दिवे लागतात, तांबडे, हिरवे, निळे, गणपतीच्या मखरासारखे. पारावर बातमी गेली की बचत गटाच्या बाया कर्ज काढून गेम खेळणार. एका भाऊंनी तर आम्हाला थांबवून विचारलं, "वहिनी, पत्ते पण आहेत का त्यात?" आहेत. पत्ते सगळ्याच कॉम्प्युटरमध्ये असतात, त्याला गेमिंग लागत नाही.

आता गेमिंगच का, ते सांगतो. दोन वर्षं झाली, चटणीबरोबर आम्ही आणखी एक काम धरलंय. बारसं, साखरपुडा, हळद, ओटीभरण, असल्या घरगुती कार्यक्रमांचं शूटिंग करायचं आणि त्याची फिल्म जुळवून द्यायची. आमच्या सचिवताईंची लेक हे काम शिकून आली. बायकांच्या कार्यक्रमाला बाईच कॅमेरा घेऊन आली की घरातल्या मोकळ्या होतात, म्हणून काम मिळत गेलं. आधी एका सभासदाच्या दिरांनी दिलेला जुना कॉम्प्युटर होता, विंडोज १० वाला. त्या विंडोजचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तोपर्यंत फुकट मिळणाऱ्या दुरुस्त्या बंद झाल्या. आणि तसाही तो एका हळदीची फिल्म तयार करायला रात्रभर घ्यायचा.

कॉम्प्युटरमध्ये एक मुख्य डोकं असतं. साध्या लॅपटॉपात चित्रांचं कामही त्याच्याच गळ्यात. म्हणजे एकाच बाईनं भाकरी थापायची, भाजायची आणि पंगतही वाढायची. गेमिंग लॅपटॉपात चित्रांच्या कामासाठी वेगळं ग्राफिक कार्ड असतं, त्याची स्वतःची मेमरी असते. म्हणजे जाऊ मदतीला आली. खेळात चित्रं भराभर बदलतात म्हणून ते कार्ड देतात, आणि नेमकं तेच व्हिडिओ जुळवायला उपयोगी पडतं. व्हिडिओच्या कामासाठी वेगळे लॅपटॉप मिळतात, पण त्यांचे भाव आमच्या हाताबाहेरचे. आम्ही घेतला तो ७२,००० चा, त्यातच १८ टक्के जीएसटी. गटाच्या बचतीतून अर्धे, अर्धे अंतर्गत कर्ज. अकरा जणींच्या सह्या घेतल्यावरच पैसे निघाले, आणि दोघींनी सही करायला आठ दिवस लावले. त्यांचंही बरोबर होतं.

दिवाळीच्या आधी तालुक्याला जाऊन घेतला. बिल गटाच्या नावानं केलं, त्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घेतला, खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघितला. एवढं आम्ही नीट केलं. चूक झाली ती पुढं.

दुकानात एक कामाला पोरगा होता, वीस-बावीस वर्षांचा, बोलायला गोड. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही चहा घ्या, मी सगळं चालू करून देतो." आम्हाला काय, बरंच झालं. त्यानं खोकं फोडलं, लॅपटॉप चालू केला, पडद्यावर काय काय विचारलं ते टपाटप दाबत गेला. अर्ध्या तासात तयार. एका चिठ्ठीवर चार आकडी पिन लिहून दिला. घरी आल्यावर लॅपटॉप उघडला की पडद्यावर त्या पोराचं नाव यायचं. आम्ही हसायचो. म्हणायचो, जावई आला बघ. हे पाव्हणं पुढं किती महाग पडणार होतं ते तेव्हा कळलं नाही.

पहिले पंधरा दिवस यंत्राची ओळख होण्यातच गेले. चार्जर बघून आमच्या अध्यक्षताई म्हणाल्या, ही वीटच आहे. खरंच, साध्या लॅपटॉपच्या चार्जरपेक्षा दुप्पट-तिप्पट जड. याला वीज जास्त लागते. बॅटरीवर काम केलं तर दोन-तीन तासांत संपते, आणि बॅटरीवर तो मुद्दाम हळू चालतो. म्हणून मोठं काम वायर लावूनच करायचं. आमच्या खोलीतल्या बोर्डाला तीन पिनांचं भोक होतं, पण त्यामागं अर्थिंगच नव्हतं. लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या यायच्या. सचिवताईंची लेक म्हणाली, असंच असतं. असं नसतं. वायरमन आणून अर्थिंग करून घेतलं तशा मुंग्या गेल्या. तुमच्याकडं असं होत असेल तर तिसरी पिन काढून, नाहीतर दोन पिनांचा जोड लावून काम चालवू नका.

आणि हा तापतो. बारीक पंखे असतात आत, खालून हवा ओढतात, मागून-बाजूनं गरम फेकतात. थंडी होती म्हणून पोरगी गोधडीवर ठेवून काम करायची. खालची भोकं झाकली गेली, पंखे असे ओरडायला लागले की गिरण सुरू झाल्यासारखं वाटलं. आता आम्ही जेवायचा लाकडी पाट घेतलाय त्याच्याखाली. चटणीचं मिक्सर आणि लॅपटॉप एका खोलीत ठेवणंही बंद केलं. मिरचीची पूड पंख्यात गेली तर काय होईल, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

महिना झाला आणि लाल पाटी यायला लागली. "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. संरक्षण संपलं." सोबत नूतनीकरणाची रक्कम, दोन हजारांच्या वर. आमच्या कोषाध्यक्ष वहिनी घाबरल्या. त्यांनी पैसे भरायला फोन हातातही घेतला होता. मग त्यांनीच विचारलं, हे आपण विकत कधी घेतलं होतं? बिलात तर नाही. तिथं गाडी अडली आणि पैसे वाचले.

प्रकार असा आहे. नवीन लॅपटॉपात विंडोजशिवाय बरंच काही आधीच भरलेलं असतं. काही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं, काही दुसऱ्या कंपन्यांचं. त्यातलं व्हायरसपासून राखणारं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नमुन्यापुरतं असतं, तीस दिवस, कधी जास्त. बाजारात चिमूटभर मसाला कागदावर देतात ना, तसं. फरक एवढाच की मसालेवाला महिन्यानं घरी येऊन "तुमचं घर धोक्यात आहे" म्हणत नाही. विंडोजमध्ये राखणदार आधीच असतो, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर नावाचा. त्याचे वेगळे पैसे नाहीत. दुसरं सॉफ्टवेअर असलं की तो बाजूला बसतो, ते काढून टाकलं की आपोआप उठून कामाला लागतो. आम्ही ते नमुन्याचं काढून टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडर चालू झालाय ना ते बघितलं. पाटी गेली.

याचीच एक बहीण आहे, ती जास्त वाईट. इंटरनेट बघताना अख्खा पडदा भरून पाटी येते, भोंगा वाजतो, आणि खाली फोन नंबर असतो, "लगेच फोन करा". ती शुद्ध फसवणूक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरला फोन करायचा नाही. पाटी बंद होत नसेल तर चालू-बंदचं बटण दाबून धरायचं. आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा.

असो. आता मुख्य गोष्टीकडं येतो.

तुळशीचं लग्न झालं तशी लग्नसराई सुरू झाली. शेजारच्या वाडीतली एक हळद आम्ही शूट केली. त्या घरात नवरीच्या आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. हळद दळताना त्या जात्यावर बसल्या आणि ओव्या म्हणायला लागल्या. पाऊण तास. घरातल्या सुनांनाही माहीत नव्हतं की आजींना एवढ्या येतात. नवरीच्या आईच्या माहेरचं नाव, नवरीच्या मामांचं नाव, वाटेतल्या ओढ्याचं नाव, सगळं ओवीत घालत होत्या. आमच्या पोरीनं कॅमेरा बंदच केला नाही. शहाणी आहे. घरी येऊन तिनं सगळं लॅपटॉपमध्ये उतरवलं आणि पुढच्या कामासाठी कॅमेऱ्याचं कार्ड पुसून घेतलं. तिथं मात्र शहाणपण कमी पडलं. पण तिला एकटीला काय बोलायचं, दुसरी हार्ड डिस्क घ्यायचा ठराव आम्हीच दोन मासिक बैठका पुढं ढकलला होता.

मार्गशीर्षात आजी वारल्या.

त्यांच्या तेराव्यानंतर नवरीची आई आली, म्हणाली, फिल्म सावकाश द्या, पण ओव्यांचा भाग काढू नका, तो आख्खा ठेवा. आम्ही हो म्हटलं. त्याच आठवड्यात लॅपटॉपच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनं पाटी दिली की अपडेट आलंय. पोरीनं हो दाबलं. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, आणि निळा पडदा. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, बिटलॉकर, रिकव्हरी की टाका. पिन चालेना. खाली रिकामी जागा, अठ्ठेचाळीस आकड्यांची.

आम्ही पहिल्यांदा समजलो की हे पण फसवणुकीचंच. नव्हतं. आता कळलंय ते सांगतो. अलीकडच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत गेलं की आतल्या सगळ्या माहितीला आपोआप कुलूप लागतं. चोरानं लॅपटॉप नेला, आतली डिस्क काढली, तरी त्याला काही वाचता येत नाही. चांगली सोय आहे. रोज आपण पिन टाकतो तेव्हा हे कुलूप आपल्याला दिसतही नाही. पण लॅपटॉपच्या मुळातल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला तर कधी कधी त्याला शंका येते, की हे घर तेच आहे ना? मग ते मूळ किल्ली मागतं. ती किल्ली अठ्ठेचाळीस आकड्यांची, आणि ज्या खात्यानं लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जमा असते.

खातं कुणाचं? जावयाचं.

किल्ली नाही तर उपाय एकच, सगळं पुसून लॅपटॉप कोरा करायचा. म्हणजे आजी गेल्या त्या दुसऱ्यांदा जायच्या. त्या रात्री आमच्यातली कुणी नीट झोपली नसेल. ज्या दोघींनी सहीला आठ दिवस लावले होते त्या काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

दुकानात गेलो. मालक म्हणाले, तो पोरगा दिवाळीनंतर सोडून गेला, नंबर बंद आहे, आणि हे सॉफ्टवेअरचं आहे, वॉरंटीत बसत नाही. मग आम्ही आमच्या वाटेनं गेलो. प्रभाग संघाची बैठक होती, बावीस गावच्या बाया येतात. उठून सांगितलं की अशा अशा नावाचा पोरगा, तालुक्याला अमक्या चौकात कामाला होता, उजव्या भुवईवर खूण आहे. तिसऱ्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अगं, तो माझ्या भावाचा." दुपारी तीनला बैठक संपली आणि साडेतीनला आत्याच्या फोनवर भाचा. पुण्यात रात्रपाळीला लागला होता, झोपेतून उठवला.

तोपर्यंत आम्ही त्याला काय काय म्हणून झालं होतं ते रेडिओवर सांगत नाही. पण पोरगं वाईट नव्हतं. आमचा ईमेल मागितला असता तर आम्हाला सांगता आला नसता, म्हणून त्यानं पटकन स्वतःचा टाकला होता. दिवसाला पाच लॅपटॉप चालू करून द्यायचा, सगळ्यांना तेच. त्यानं फोनवर खातं उघडलं आणि आकडे वाचायला सुरुवात केली. सहा-सहाचे आठ गट. कोषाध्यक्ष वहिनींनी हजेरीच्या वहीत लिहून घेतले, उलट वाचून दाखवले. आम्ही टाकले. चूक. परत वाचले. पाचव्या गटात एक सहा होता, तो आम्ही सात लिहिला होता, फोनवर ऐकताना. दुरुस्त केला, दाबलं, आणि पडद्यावर जावयाचं नाव आलं. त्या दिवशी त्या नावाला आम्ही हात जोडले.

मग तो जाता जाता म्हणाला, "मावशी, माझ्या ईमेलवर महिनाभर मेसेज येतायत, जागा भरली म्हणून. तुमच्या गटाचे कागद दिसतात त्यात."

हे ऐकून पुन्हा धस्स झालं. लॅपटॉप सुरू करताना विंडोज वनड्राइव्हचं विचारतं, तुमचे फोल्डर इंटरनेटवर जपून ठेवू का. पोरानं हो दाबलेलं होतं. म्हणजे आम्ही डेस्कटॉपवर ठेवलेल्या अकरा जणींच्या आधारच्या प्रती, बँक पासबुकांचे फोटो, कर्जाचं रजिस्टर, सगळं गुपचूप त्याच्या खात्यात जाऊन बसलं होतं. पाच जीबी फुकट असतात, ते भरले म्हणून मेसेज येत होते. शूटिंगच्या फाईली व्हिडिओच्या फोल्डरमध्ये होत्या, ते फोल्डर मात्र जपलं जात नव्हतं. जे जपायला हवं होतं ते जपलं नाही आणि जे बाहेर जायला नको होतं ते गेलं. पोरगा सरळ होता म्हणून निभावलं.

इथं एक क्रम ध्यानात घ्या. आमची सचिव म्हणत होती, त्याला सांगा सगळं आत्ताच्या आत्ता पुसून टाक. बरं झालं टाकलं नाही. वनड्राइव्ह जोडलेला असताना तिकडून पुसलं तर इकडच्या लॅपटॉपमधूनही जातं. आम्ही आधी हार्ड डिस्क आणली, ठराव नंतर लिहिला. सगळे कागद आणि सगळं शूटिंग तिच्यावर उतरवलं. हार्ड डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाईली उघडतात का ते बघितलं, आजींच्या ओव्या पाच मिनिटं ऐकल्या. मग लॅपटॉपमधून त्याचं खातं सोडवलं. त्यानंतर त्यानं आत्याच्या समोर बसून, सुट्टीला आला तेव्हा, आमचे कागद पुसले आणि रिसायकल बिनमधूनही काढले.

आणि मग आम्ही लॅपटॉप कोरा केला. सेटिंगमध्ये सिस्टिम, रिकव्हरी, रीसेट असं जाऊन. दुकानातून आणल्यासारखा. यावेळी चहा घ्यायला कुणी गेली नाही.

हे सगळं आम्ही याच रेडिओ केंद्राच्या वायफायवर केलं, कारण घरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पहिल्यांदा अपडेट आलं तेव्हा तिघींचा दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपला होता. नवीन लॅपटॉपला पहिल्या दिवशी कित्येक जीबी लागतात. नंतर मोबाईलवर चालवायचा असेल तर त्या वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा, म्हणजे मोठी अपडेटं तो आपल्या जिवावर ओढत नाही.

आधी गटाच्या नावानं एक ईमेल काढला, गटाच्याच मोबाईल नंबरवर. त्या ईमेलवरून मायक्रोसॉफ्टचं खातं केलं. मग लॅपटॉप प्रश्न विचारायला लागला. देश भारत. कीबोर्ड इंग्रजी इंडिया, दुसरा मराठी फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटतं. विंडोजची कळ धरून स्पेस दाबला की भाषा बदलते. पुढं एका पडद्यावर पाच-सहा गोष्टी असतात. तुमचं ठिकाण कळू द्यायचं का, तुम्ही काय टाइप करता ते पाठवायचं का, जाहिरातींसाठी ओळख वापरू द्यायची का. आम्ही हरवला तर शोधायची सोय ठेवली, तिला ठिकाण लागतं म्हणून तेही ठेवलं. बाकी सगळं नको केलं. नको केल्यानं काही अडत नाही. मग तो ऑफिसची वर्गणी विचारतो, गेम पासची विचारतो, पहिला महिना स्वस्त म्हणतो आणि कार्डाचा नंबर मागतो. नाही म्हणायचं बटण असतं, पण हो म्हणायचं मोठं आणि निळं, नाही म्हणायचं लहान आणि फिकट. चष्मा लावून बसा.

कुणी आधीच कार्ड दिलं असेल तर एक सांगतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं, दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेनं कळवावं लागतं. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका. त्यातच थांबवायची वाट असते.

वनड्राइव्हची फोल्डर जपणी बंद ठेवली. किल्ली गटाच्या खात्यात आली का, ते फोनवर खातं उघडून बघितलं. आली होती. ते अठ्ठेचाळीस आकडे दोन कागदांवर लिहिले. एक गटाच्या पेटीत, एक अध्यक्षताईंच्या घरी. लॅपटॉपच्या पिशवीत नाही. तिथं ठेवणं म्हणजे कुलपावरच किल्ली बांधणं.

कोरा केला तरी आधीचे बरेच पाहुणे परत हजर. सेटिंग, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तिथं एकेकाच्या पुढं तीन ठिपके, ते दाबलं की अनइन्स्टॉल. नमुन्याचं व्हायरसवालं काढलं, खरेदीच्या जाहिराती काढल्या, दोन खेळ काढले. पत्ते ठेवले, भाऊंसाठी. ज्याच्या नावात इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रिअलटेक असं आहे त्याला हात लावायचा नाही. ती आतल्या भागांना चालवणारी माणसं आहेत. व्हिज्युअल सी असं लिहिलेलं चार-पाच वेळा दिसतं, तेही राहू द्यायचं. आणि लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं जे नियंत्रणाचं सॉफ्टवेअर असतं, कुणाचं आर्मरी क्रेट, कुणाचं व्हँटेज, कुणाचं नायट्रोसेन्स, ते काढू नका. गेमिंग लॅपटॉपात त्याचाच खरा उपयोग. पंखे शांत ठेवायचे की जोरात, दिवे बंद करायचे की चालू, आणि बॅटरी ऐंशी टक्क्यांवर भरणं थांबवायची सोय बऱ्याच लॅपटॉपांवर त्यातच मिळते. कायम वायर लावून वापरणाऱ्याला ती सोय फार कामाची, बॅटरी जास्त दिवस टिकते.

एक नुकसान मात्र भरून आलं नाही. लॅपटॉपबरोबर वर्ड-एक्सेलवालं ऑफिस कायमचं मिळालं होतं, किमतीतच. ते त्या पोरानं पहिल्याच दिवशी स्वतःच्या खात्यात चालू केलं होतं, आणि एकदा एका खात्याला चिकटलं की ते हलत नाही. तो म्हणाला, मावशी, माझं खातं वापरा. आम्ही नको म्हटलं. आता लिब्रेऑफिस घेतलंय, फुकट आहे, मराठी चालते, आमचं रजिस्टर त्यात बसतं. व्हिडिओला डाविंची रिझॉल्व्हची फुकटातली आवृत्ती, आवाजाला ऑडासिटी. तालुक्याला पाचशे रुपयांत "सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो" म्हणणारे भेटतात. ते चोरीचं असतं आणि त्यातून काय आत येईल सांगता येत नाही. नवीन लॅपटॉप घेतल्यावर खात्यावरून, बिलावरून दुकानाशी वाद झाला आणि दुकान ऐकत नसेल तर ग्राहकांसाठी १९१५ हा नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

परवा नवरीची आई फिल्म न्यायला आली. पेनड्राइव्ह देऊ म्हटलं तर म्हणाली, आधी इथंच लावा, मला एकदा बघू द्या. खोलीत आम्ही सगळ्या अकराजणी होतो. लावली. आजी जात्यावर बसल्या, पहिली ओवी सुरू झाली, आणि ती बाई म्हणाली, "आवाज वाढवा गं, ऐकू येईना." आवाज पूर्णच होता. लॅपटॉपचे पंखे ओरडत होते, पोरीनं दुसरं काम लावून ठेवलेलं. तिनं ते थांबवलं, पंखे शांतवर टाकले.

मग जातं ऐकू यायला लागलं.

वेळ झालीय, खुणावतायत आम्हाला काचेपलीकडून. नमस्कार.